मलावीतील खेड्यासाठी मंडळाचा निधी: आधी पाणी, दवाखाना की शाळा?

निपाणीकर
माझा पुतण्या दक्षिण मलावीतील चिकवावा जिल्ह्यात साखर कारखान्यात नोकरीस आहे. तेथून आत असलेल्या एका खेड्यातील बायका शिरे नदीचे पाणी वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमधून भरतात आणि नदीत मगरी असल्याने एकीने पाणी भरायचे व दुसरीने लक्ष ठेवायचे, अशी रीत पडली आहे. शाळेचा पहिलीचा वर्ग आंब्याखाली भरतो. आरोग्य केंद्र बरेच लांब आहे. २०१९ च्या महापुरात आपल्या भागाला परमुलखातून मदत आली होती, हे स्मरून आमच्या मंडळाने थोडा निधी जमवला आहे. तो कशावर खर्च करावा?

हापसेवाला, खानापूर (निवृत्त)
नवी बोअर मारण्याआधी गावात व शेजारी बंद पडलेले हापसे किती आहेत, ते पुतण्याला मोजायला सांगावे. आफ्रिकेतील ग्रामीण हापशांपैकी सुमारे एक तृतीयांश कोणत्याही वेळी बंद असतात, असा २००९ चा अंदाज आहे, आणि याचे कारण बहुधा जमिनीत पाणी नसणे हे नसून दुरुस्तीला माणूस व सुटा भाग न मिळणे हे असते.

मलावीत सर्रास आफ्रिदेव हापसा दिसतो. आपल्याकडे जालना व सोलापूर येथे सुधारलेल्या हापशांवरून इंडिया मार्क टू झाला, पण त्याचा वायसर बदलायचा तर लोखंडी पाईपांची सगळी माळ वर ओढावी लागते आणि त्यासाठी टोळी लागते. आफ्रिदेवमध्ये मात्र पाईप जागेवर ठेवून दांड्यांबरोबर दट्ट्या वर काढता येतो, त्यामुळे गावातील दोन बायकाही शिकून हे काम करू शकतात. त्याची मजल साधारण ४५ मीटर खोलीपर्यंतच आहे, हे ध्यानात असावे. शिवाय शिरेच्या खालच्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी भूजल खारे आहे, म्हणून पाण्याची तपासणी झाल्याशिवाय यंत्र बोलावू नये. खारे पाणी लागले की बायका पुन्हा नदीवरच जातात.

आरोग्यसेविका, बेळगाव
दवाखान्याची इमारत बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भिंती उभ्या राहतात, पण परिचारिकेचा पगार आणि औषधे दरवर्षी कोण देणार? मलावीत सरकारी पगारावरील आरोग्य सहायक गावोगाव फिरतात आणि पाच वर्षांखालील मुलांच्या मलेरिया, अतिसार व न्यूमोनियावर गावातच उपचार करतात. तुमच्या खेड्याचा सहायक कोण आहे, त्याच्याकडे सायकल आहे काय, औषधांची पेटी रिकामी तर नाही ना, हे आधी विचारावे. २०२२-२३ च्या कॉलऱ्याच्या साथीत त्या देशात सतराशेहून अधिक माणसे दगावली, त्यामुळे हापसा दुरुस्त होईपर्यंत क्लोरीन आणि झाकणाची भांडी यांवर खर्च केलेला पैसा वाया जाणार नाही.

शिक्षक, चिकोडी
१९९४ मध्ये मलावीने प्राथमिक शाळेची फी रद्द केली आणि वर्षभरात सुमारे दहा लाख मुले वाढली. शिक्षक व खोल्या त्या वेगाने वाढल्या नाहीत, म्हणून वर्ग झाडाखाली गेले. खोलीचे पैसे जमत नसतील तर मुलींसाठी स्वतंत्र शौचालय आणि शाळेजवळ पाणी एवढे तरी करावे. त्या खोऱ्यात काही घरांत सेना नावाची स्थानिक भाषा बोलतात आणि शाळेत चिचेवा ही दुसरी भाषा चालते. हे दुखणे आपल्या सीमाभागाला नवे नाही, म्हणून गोष्टींची पुस्तके पाठवण्यापूर्वी कोणत्या भाषेची हवीत, ते शाळेलाच विचारावे.

बँकवाला, बेळगाव
एक व्यवहाराची गोष्ट. परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची उदारीकृत योजना व्यक्तींसाठी आहे. मंडळाला किंवा ट्रस्टला ती लागू नाही. देणगी सभासदांना आपापल्या खात्यातून पाठवावी लागेल. आधी सनदी लेखापालास विचारावे.

निपाणीकर
सर्वांचा आभारी आहे. पुतण्याने कळवले आहे की गावात दोन हापसे असून एक बंद आहे. हापसा समिती आहे, पण कापूस विकला जाईपर्यंत तिच्याकडे पैसा नसतो. खोली तूर्त बाजूला ठेवून समितीतील दोघींचे प्रशिक्षण व सुटे भाग एवढेच घ्यावे, असे मंडळात ठरते आहे. सुटे भाग येथून पाठवावेत का?

हापसेवाला, खानापूर
पाठवू नयेत. भाग तेथल्याच दुकानातून घ्यावेत, म्हणजे पुढच्या वेळी समितीला ते दुकान ठाऊक असेल. बंद हापशाच्या दांड्या वर काढून त्यांचे आणि दट्ट्याच्या वायसरचे जवळून फोटो मागवा; गंज चढला आहे की नुसती झीज झाली आहे, ते पाहून मी येथेच लिहितो.