लोकलमध्ये जाणारा वेळ आणि महिनाअखेरचा रिकामा खिसा

डोंबिवलीकर: रोज डोंबिवली ते सीएसएमटी, जाऊन-येऊन तीनेक तास लोकलमध्येच जातात, घरी आलो की अंगात त्राण नसतं. एक्सेल शिकायचंय, पैसेपण साठवायचेत. सुरुवात कुठून करू?

चौथी सीट: गर्दीत व्हिडिओ विसर भावा, हात वर काढता येत नाही तिथे मोबाईल कुठला! ऑडिओ डाउनलोड करून ऐक. एक्सेल मात्र ऐकून येत नाही, ते रविवारी लॅपटॉपवरच.

ठाणेकर ताई: पगार झाला की आधी पीपीएफ, म्हणजे सरकारची लांब मुदतीची बचत योजना, उरेल ते खर्चाला. ५ तारखेच्या आत भर हं, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या पैशावर मिळत नाही. वर्षाला ५०० रुपयेपण चालतात.

चौथी सीट: ताई, पीपीएफ १५ वर्षांचं, अडीनडीला काय? आधी दोन-तीन महिन्यांचा खर्च सेव्हिंगला राहू दे की.