नवीन कार अलार्म रात्री आपोआप वाजतो. किट बदलू का?

घोडबंदरचा_घोडेस्वार:
गाडी २०१३ ची हॅचबॅक. सेंट्रल लॉकिंग चावीवरचं होतं, म्हणून तीन आठवड्यांपूर्वी एका अ‍ॅक्सेसरीवाल्याकडून रिमोट आणि अलार्मचं किट बसवून घेतलं. पहिले आठ दिवस मजेत गेले. आता जवळजवळ रोज रात्री दीड ते तीनच्या दरम्यान सायरन बोंबलतो. सीसीटीव्हीत पाहिलं, गाडीजवळ मांजरसुद्धा फिरकत नाही. वॉचमनकाका इंटरकॉमवरून उठवतात, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी काल लिफ्टमध्ये तोंड फिरवलं.

दुकानदाराने शॉक सेन्सर (गाडीला धक्का लागला की अलार्म वाजवणारा) दोनदा कमी करून दिला. आता बुक्की मारली तरी गाडी गप्प, रात्री मात्र वाजतेच. त्यात चार दिवस गावाला जाऊन आलो तर स्टार्टर नुसता टकटक. दुकानदार म्हणतो बॅटरी गेली. दीड वर्षाची बॅटरी आहे हो! किट बदलू का? ठाणे-मुलुंडकडचा चांगला ऑटो इलेक्ट्रिशियनही सुचवा.

निवांत_डायवर:
काढून टाका ते आणि गिअर लॉक लावा. ना बॅटरी खातं, ना शेजाऱ्यांची झोप.

दहाचा_पाना:
किट बदलू नका. बुक्कीने वाजत नाही म्हणजे शॉक सेन्सर निर्दोष आहे, उगाच त्याचा स्क्रू पिळला गेला. उरले दारांचे आणि बॉनेटचे स्विच. बहुतेक गाड्यांत दार उघडलं की त्या वायरला अर्थिंग मिळतं, म्हणजे ती गाडीच्या बॉडीला जोडली जाते, आणि अलार्मला तेवढंच कळतं. वायर दुसरीकडे कुठे बॉडीला टेकली तरी त्याच्या लेखी दार उघडलंच.

दोन प्रश्न. बॉनेटखाली नवीन पिन स्विच बसवलाय का? आणि गावाला गेलात तेव्हा चारही रात्री वाजला का?

घोडबंदरचा_घोडेस्वार:
पिन आहे, बॅटरीच्या बाजूला. वॉचमनकाकांना विचारलं, फक्त पहिल्या रात्री वाजला म्हणाले. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

दहाचा_पाना:
मग माझा संशय पिनवरच. गाडी चालवलेल्या रात्रीच वाजतो, म्हणजे इंजिन थंड होताना पत्रा किंचित हलतो आणि जेमतेम दाबलेली पिन सुटते, अलार्मला वाटतं बॉनेट उघडलं. तपासायला घरातून कणकेचा गोळा घ्या. पिनच्या टोकावर ठेवून बॉनेट नेहमीसारखं आपटा, मग उघडून बघा. कणीक जाड राहिली तर पिन बुटकी आहे, वर घ्यायला हवी. किंवा पिनची वायर सोडवून टोकाला टेप मारा आणि दोन रात्री थांबा.

साडेबारा_व्होल्ट:
बॅटरीचं वेगळं प्रकरण दिसतंय. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२ ला आली तर जवळपास रिकामी. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसलं तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक.

मग गळती मोजा, म्हणजे बंद गाडी बॅटरीतून किती करंट खाते ते. काळं टर्मिनल काढून मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून टर्मिनल आणि बॅटरीच्या मध्ये जोडा. दारं बंद, चावी बाहेर, अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर विषय संपला. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, आकडा कुठे पडतो ते बघा. मीटर लावलेला असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, मीटरचा फ्यूज जाईल. आणि काही सायरनच्या पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते, टर्मिनल काढलं की तेच किंचाळतात. आधी सायरनची किल्ली फिरवा. हे रात्री दहानंतर करू नका, आजी आहेत!

किटबरोबर आणखी काही बसवलंत का?

घोडबंदरचा_घोडेस्वार:
अरे हो, डॅशकॅम. त्याच दिवशी, त्याच माणसाने. सांगायचं राहिलं.

साडेबारा_व्होल्ट:
इथेच पाणी मुरतंय! इग्निशनऐवजी थेट सप्लायवर जोडला असणार, म्हणजे गाडी बंद असतानाही तो चालूच.

मुलुंडची_मावशी:
आमच्या इलेक्ट्रिशियनचा नंबर व्यनि (खासगी निरोप) केलाय. वायर पिळून नुसती टेप मारत नाही, सोल्डर करतो. आणखी एक, किट एआरएआय (वाहनं तपासणारी संस्था) मान्यतेचं असेल तर बसवल्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. जुन्या विमा टॅरिफप्रमाणे ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यात २.५ टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट असायची. आता तुमची विमा कंपनी देते का ते विचारा.

घोडबंदरचा_घोडेस्वार:
रविवारचा अहवाल. कणीक नाण्याएवढी जाड राहिली, म्हणजे पिन जेमतेमच टेकत होती. वायर सोडून तीन रात्री झाल्या, गाडी रोज चालवूनही पूर्ण शांतता. गळती ३४० मिलिअँपिअर निघाली, डॅशकॅमचा फ्यूज काढला की ४०.

साडेबारा_व्होल्ट:
३०० चा फरक म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-तास, चार दिवसांत जवळपास २९. तुमची ३५ ची असेल तर बिचारी काय करणार? नीट चार्ज करून घ्या, बहुतेक वाचेल.

घोडबंदरचा_घोडेस्वार:
३५ चीच आहे! मावशींच्या माणसाने आज पिन वर घेतली, डॅशकॅम इग्निशनवर टाकला. आता कमी केलेला शॉक सेन्सर किती वाढवू?

दहाचा_पाना:
लॉक करून अर्धा मिनिट थांबा, मग तळहाताने दाराच्या वर पत्र्यावर थाप मारा. तुमचा दोन टप्प्यांचा असेल तर हलक्या थापेला नुसती टीवटीव आणि जोराच्या थापेला सायरन व्हायला हवा. स्क्रू एका वेळी अगदी थोडाच फिरवा. शेजारून बुलेट गेली तरी गप्प राहील, इतपतच ठेवा.