मदत हवी आहे: उद्दिष्ट बदललं की कोणत्या रिक्वायरमेंट्स हलतात, कसं शोधायचं?

भोसरीचा_बोका
उद्या अकराला रिव्ह्यू. ड्रोनचं मिशन प्लॅनिंग सॉफ्टवेअर. ३४० रिक्वायरमेंट्स (सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं त्या नोंदी), एक्सेलमध्ये. ग्राहकाने काल उद्दिष्टच फिरवलं आणि विचारतोय, "यामुळे काय काय बदलेल?" ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स (काय कशाशी जोडलंय ते दाखवणारा तक्ता) आहे, उपयोग शून्य. पटकन सांगा.

पाषाणकर
मॅट्रिक्स कशापासून कशापर्यंत? फिरवलं म्हणजे काय?

भोसरीचा_बोका
रिक्वायरमेंट ते टेस्ट केस (ती पुरी झाली का ते बघायची चाचणी). आधी नुसती टेहळणी, आता लक्ष्यावर सतत नजर.

डोअर्सभक्त
डोअर्स घ्या, रिक्वायरमेंट्स सांभाळायचं सॉफ्टवेअर. वरचं बदललं की खालच्या लिंक आपोआप 'सस्पेक्ट', म्हणजे पुन्हा तपासायच्या, अशा दिसतात.

रिकामा_कोथरूडकर
रिव्ह्यू उद्या, आणि हे लायसन्स घ्यायला लावतायत! शिवाय मुळात लिंक कुणीतरी बसून घालावीच लागते ना?

डोअर्सभक्त
एक्सेलवाल्यांशी वाद नको.

माजी_सुभेदार
कारगिल, १९९९. उद्दिष्ट साधं: शिखरं परत घ्या. पण नियंत्रण रेषा ओलांडायची नाही ही अट आली आणि विमानांनी कुठून यायचं, किती जागेत वळायचं, सगळं बदललं. तुमच्या तक्त्यात अटींना रकाना आहे का?

भोसरीचा_बोका
नाही.

पाषाणकर
सुभेदारसाहेब बरोबर बोलले. तुमचा तक्ता खाली टेस्टकडे जातो, वर उद्दिष्टाकडे जातच नाही. दोन रकाने वाढवा: 'कोणत्या कामासाठी' आणि 'कोणत्या अटीमुळे'. ३४० ओळी पुन्हा वाचू नका, बदललेल्या कामाच्याच तेवढ्या निवडा. सतत नजर म्हणजे पहिलं ड्रोन परतण्याआधी दुसरं तिथे हवं. ही अदलाबदल तुमच्या यादीत बहुतेक नसेलच. जे नाही ते मॅट्रिक्स कसं दाखवणार?

सिंहगडरोड_आई
मुलगा बारावी कॉमर्सला आहे, एनडीएला चालतं का?

माजी_सुभेदार
लष्करासाठी चालतं. हवाई दल, नौदलाला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स लागतं. धागा वेगळा काढा, ताई.

भोसरीचा_बोका
एक सांगायचं राहिलं. उद्दिष्ट उड्डाण चालू असतानाही बदलू शकतं.

पाषाणकर
अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं! मग तो यादीतला बदल नाही, ती स्वतंत्र रिक्वायरमेंट आहे: नवं उद्दिष्ट कोण देणार, किती सेकंदांत नवा मार्ग आखायचा, इंधन पुरत नसेल तर नकार कोण देणार.

भोसरीचा_बोका
रात्रीचा दीड. रकाने भरले. ५१ ओळींना कामही नाही, अटही नाही.

रिकामा_कोथरूडकर
त्या मागितल्या कुणी?

भोसरीचा_बोका
आमच्याच साहेबांनी. उद्या समोर तेच बसणार आहेत.