तळ्याकाठी घर, इंदूर : घेतलंत की सोडलंत? अनुभव सांगा

इथल्या सिरपूर तळ्याला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे पाणथळ जागा जपायच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, दर्जा मिळाला, त्याच वर्षी यशवंत सागर धरणाच्या जलाशयालाही. २०२५ च्या जानेवारीत उदयपूरच्या जोडीने इंदूर देशातलं पहिलं रामसर पाणथळ शहर ठरलं. तेव्हापासून धार रोडवरच्या दलालांना 'लेक व्ह्यू'शिवाय बोलता येईना. आमच्याकडे सासूबाईंना लोकमान्यनगर सोडायचं नाही आणि ह्यांना खिडकीतून बदकं हवीत. तेव्हा संरक्षित तळ्याजवळ ज्यांनी घर किंवा प्लॉट घेतलाय, किंवा बघून परत फिरलेत, त्यांनी मोकळेपणी लिहा. भाव नका सांगू, उगाच जीव जळतो.

मागची गल्ली
ताई, आधी ५० मीटरचं समजून घ्या. २०१७ च्या पाणथळ नियमांप्रमाणे तेवढ्या पट्ट्यात बोटीचा धक्का सोडला तर पक्कं बांधकाम करता येत नाही. हे दलालही सांगतात. मोजायचं कुठून, ते मात्र सांगत नाहीत.

आम्हाला प्लॉट दाखवला ऐन मे महिन्यात. पाणी पार आत सरकलेलं, जमिनीला भेगा आणि त्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. दलाल म्हणाला, "भिया, पानी तो वो रहा, दूर!" तिथे म्हशी चारणारे एक काका होते. ते काही न बोलता एका बाभळीपाशी घेऊन गेले. खोडावर गुडघ्याच्या वर वाळलेल्या गाळाचा पट्टा होता, खाली साल काळपट, वर तांबूस. पट्ट्यात शेवाळाचे सुकलेले धागे अडकले होते. पावसाळ्यात पाणी तिथवर चढतं. आणि नियमातलं माप, नियम लागू झाले त्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी कमाल पूरपातळीपासून धरतात, मे महिन्यात दिसणाऱ्या पाण्यापासून नाही. त्या हिशेबाने आमचं स्वयंपाकघर सरळ मनाईत जात होतं!

शेवटी बरंच मागे, गल्लीत घर घेतलं. खसरा (जमिनीचा सर्व्हे नंबर), बी-वन (मालकाच्या नावाचा उतारा), डायव्हर्शन (शेतजमीन घरासाठी वापरायची परवानगी), टी अँड सीपीचा, म्हणजे नगररचना खात्याचा, मंजूर नकाशा, रेरा नंबर, सगळं आधी पाहिलं. खसऱ्याचा नंबर नकाशावर बोट ठेवून जुळवा, नुसती झेरॉक्स बघून मान डोलावू नका. तळं गच्चीवरून दिसतं, तेही टाकीवर चढलं तर. पण झोप शांत लागते.

जाळीवाली
डास. सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या, तरी संध्याकाळी सहानंतर दार उघडं ठेवायची सोय नाही. बाकी मजेत.

सुदामानगरची लेक
शांततेबद्दल कोणी बोललंच नाही. तळं संरक्षित आहे, पण जवळचं मॅरेज गार्डन संरक्षित नाही ना! माझ्या बहिणीच्या घरी लग्नसराईत डीजेने कपाटातली भांडी वाजतात. रात्री दहानंतर लाउडस्पीकरला बंदी आहे, पण दहा वाजेपर्यंत तुम्ही काय करणार? घर बघायला दुपारी जाऊ नका. लग्नाच्या मुहूर्ताच्या रात्री जा, तेही जेवून, कारण बघता बघता वेळ होतो.

हिवाळी पाहुणा
जरा कडू लिहितो. सिरपूर होळकरांनी शहराच्या पाण्यासाठी बांधलं. पुढे त्याची दैना झाली, तेव्हा भालू मोंढे (२०१६ ची पद्मश्री) आणि त्यांच्यासोबतच्या मंडळींनी वर्षानुवर्षं खपून ते सांभाळलं. आज त्याच पाण्याचा व्ह्यू विकला जातोय. घेणाऱ्यांनी एवढं तरी विचारावं, की या कॉलनीचं सांडपाणी जातं कुठे? मी एका साइटवर विचारलं तर "नाल्यात" असं उत्तर आलं. नाला कुठे जातो? त्यावर साहेब चहा सांगायला उठले. दुसऱ्यांच्या ड्रेनेजला नावं ठेवत जलपर्णीचे फोटो टाकणारे आपणच असतो.

आणि कृपा करून बाल्कनीत तळ्याकडे तोंड करून हॅलोजन लावू नका.

कर्जवाला
बँकेच्या वकिलाने फाइल परत केली, कारण डायव्हर्शन शेजारच्या तुकड्याचं निघालं. टोकन परत मिळवताना नाकी नऊ आले. पैसे देण्याआधी कागद बँकेला दाखवा, बास.

हातोदचा जावई
आमचं घर यशवंत सागरकडे. सारस जोडीने शेतात उतरतात, हे खरं सुख आहे, आणि शहरातल्या नातेवाइकांची वर्दळही त्यामुळेच वाढलीय. पण धरणाच्या वर घर आणि धरणाच्या खाली घर ह्यात फरक आहे, ते विचारून घ्या. जोराचा पाऊस झाला की दारं उघडतात आणि गंभीर नदी खाली फुगते. आमचे साडूभाऊ खालच्या बाजूला राहतात. पावसाळ्यात ते स्कूटर वरच्या रस्त्याला, ओळखीच्या किराणावाल्याकडे लावून ठेवतात. बोअरला पाणी भरपूर आहे, पण ते भांड्यांना नि झाडांना. पिण्याच्या पाण्याचं काय, नर्मदेची लाइन त्या कॉलनीत खरंच आलीय का, हे कॉलनायझरला, म्हणजे कॉलनी पाडून विकणाऱ्याला, विचारू नका. तिथे आधीपासून राहणाऱ्या एखाद्या मावशींना विचारा.