रूम हीटरने कधी घाबरवलंय का? अनुभव लिहा

परवा हीटरचा प्लग काढायला गेले आणि बोटं भाजली. हीटर एकदम ठणठणीत, पण प्लगची एक पिन काळी पडलेली आणि सॉकेटचं प्लास्टिक पिवळं होऊन वाकलेलं. पडदा जवळ नको, कपडे वाळत घालू नका, हे सगळं पाठ होतं हो, पण प्लगकडे इतक्या वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं. तुमच्याकडे असं काही झालंय का? दोन ओळी असल्या तरी चालतील.

*

आमचं एक्स्टेंशन बोर्डाचं. २००० वॉटचा हीटर, पॉवर सॉकेट पलंगाच्या मागे म्हणून बोर्ड लावला, त्यावरच टीव्ही आणि लॅपटॉप, आणि उरलेली लांब वायर नीट गुंडाळून सतरंजीखाली सरकवली, दिसायला छान! तासाभराने मासळीसारखा वास. बायको म्हणाली कचऱ्याचा डबा बघ, मी डबा धुतलासुद्धा, वास काही जाईना. शेवटी सतरंजी उचलली तर वायरचं वेटोळं मऊ पडलेलं. २३० व्होल्टला २००० वॉट म्हणजे जवळजवळ ८.७ अँपियर आणि तेही तासन् तास, मिक्सरसारखं दोन मिनिटांचं काम नाही ते. गुंडाळलेल्या वायरची उष्णता जाणार कुठे? आता पलंग सरकवलाय, हीटर थेट भिंतीत.

*

मग एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) का पडला नाही, असं मीही आमच्या इलेक्ट्रिशियनला विचारलं होतं. तो म्हणाला, एमसीबी फक्त करंट किती जातोय ते बघतो. पिन ढिली असली तरी करंट काही वाढत नाही, तापतं ते फक्त त्या ढिल्या जागी, एमसीबीला कळणार कसं? तेव्हापासून हीटर लावल्यावर वीसेक मिनिटांनी प्लगच्या प्लास्टिकला हाताची मागची बाजू लावून बघते. कोमट असेल तर ठीक, चटका बसला की बंद.

*

माझा तर गाढवपणाच. वीज गेली, तसाच बाहेर पडलो, हीटरचं बटण चालूच. दोन तासांनी आलो तोवर वीज आलेली, खोलीची भट्टी झालेली आणि खुर्चीवरचा टॉवेल घसरून जाळीपासून वीतभर अंतरावर, कडेने तपकिरी! मोबाईलवरून चालू करता येईल म्हणून स्मार्ट प्लग घ्यायच्या विचारात होतो, तो बेत त्याच दिवशी रद्द, कारण समोर काय पडलंय ते मोबाईलला थोडंच दिसणार. हीटरभोवती एक मीटरवर जमिनीवर टेप चिकटवलीय, घरचे हसतात, हसू देत.

*

ऑइल हीटर लाल होत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. बंद केल्यावरही तो बराच वेळ गरम राहतो, आमच्या लेकीने बंद आहे समजून हात टेकवला, फोड आला. (सासूबाईंचा प्रश्न होता, तेल कधी बदलायचं? ते सीलबंद असतं, जळत नाही, नुसती उष्णता धरून ठेवतं.)

*

पाडला की आपोआप बंद होणारा हीटर होता म्हणून मी निर्धास्त. बोक्याने ढकलला तर तो पूर्ण पडलाच नाही, पलंगाला टेकून कलला आणि चालूच राहिला. मी खोलीत होते म्हणून चादरीवरच निभावलं.

*

आमचे बाबा 'हीटर ऑक्सिजन खातो' म्हणून खिडकी उघडी ठेवून हीटर लावायचे, म्हणजे बाहेरची हवा तापवायची! विजेच्या हीटरमध्ये काही जळतच नाही, त्यामुळे ऑक्सिजन संपत नाही की कार्बन मोनॉक्साइड होत नाही. ती भीती कोळशाच्या शेगडीची आणि गॅस हीटरची, तिथे खिडकी हवीच. घसा कोरडा पडतो तो हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता कमी होते म्हणून. रात्री मात्र आम्ही आधी खोली तापवून घेतो आणि झोपताना प्लगच काढतो.

*

धागा काढणारी मीच परत. सॉकेट उघडलं तर आतला स्क्रू ढिला आणि वायरचं आवरण हात लावताच तुकडे पडेल इतकं कुरकुरीत. मी म्हटलं नवीन सॉकेट बसवा, झालं. तर इलेक्ट्रिशियन म्हणे काळी पिन नव्या सॉकेटचीही तीच गत करेल, म्हणून प्लगही बदलून घेतला, आणि आता बाकीच्या खोल्यांतली सॉकेट्स उघडायला तो रविवारी येतोय.