तुमच्याकडे 'लाइन' म्हणजे काय? अनुभव लिहा

'लाइन' हा शब्द आपण दिवसभर बोलतो आणि तो इंग्रजी आहे हे मनातही येत नाही. पोरगा एकदाचा लाइनीला लागतो, दुकानदार 'ही आपली लाइन नाही' म्हणून गिऱ्हाईक पुढे पाठवतो, कॉलेजच्या कट्ट्यावर कोण कोणाला लाइन देतंय याची चर्चा रंगते आणि रेशनच्या दुकानापुढे पिशव्या ठेवून लाइन लागते. शब्दकोशात रेषा, ओळ, रांग एवढंच सापडतं. म्हणून हा धागा. तुमच्या गावात, कामात, घरात हा शब्द कसा चालतो ते लिहा. वापरातलं लिहा, ऐकीव नको.

सुरुवात मी करते. डोंबिवलीत लाइन म्हणजे रेल्वे, दुसरं काही नाही. आमच्याकडे स्थळ आलं की शिक्षणाच्या आधी 'कुठल्या लाइनला राहतात?' हे विचारलं जायचं. वेस्टर्न म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढे गाडी बदलायचा दादरचा पूल यायचा, दोन पिशव्या आणि कडेवर नातवंड घेऊन चढायचा. हार्बरला मात्र सगळे उगीच नाक मुरडतात. देशातली विजेवर चालणारी पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटीहून कुर्ल्याला गेली ती याच हार्बर लाइनवरून, तेव्हा तिचा मान मोठा आहे. आणि पाहुण्यांना नेहमी पडणारा प्रश्न म्हणजे मरीन लाइन्स. तिथल्या लाइन्सचा रुळांशी संबंध नाही. इंग्रजांच्या मरीन बटालियनची तिथे वस्ती होती, तिच्यावरून ते नाव पडलं.

आता तुम्ही लिहा.

बार्शी तालुका, शेती करतो

आमच्याकडं लाइन म्हणजे वीज, पण घरातली नाही. घरात बल्ब चालू असतो, टीव्ही चालू असतो आणि तरी म्हातारा ओसरीवरून विचारतो, 'लाइन आली का?' त्याला थ्री फेज विचारायची असते, विहिरीवरची मोटर ज्यावर चालते ती. आठवड्याची पाळी ठरलेली असायची, एक आठवडा दिवसाची लाइन, एक आठवडा रात्रीची. दिवसाची असली की माणूस माणसासारखा जगतो. रात्रीची असली की कांद्याला पाणी द्यायला बॅटरी आणि काठी घेऊन निघायचं. थंडीत, गुडघाभर चिखलात, विंचू-सापाच्या भीतीनं बांधाबांधानं दारं धरायची. वाफा निम्मा भिजला की लाइन जाते. मग तिथंच बांधावर बसायचं, कारण परत आली आणि आपण घरी असलो तर पाणी फुटून शेजाऱ्याच्या रानात जातं. आता स्टार्टरला मोबाइलचं सिम बसतं, लाइन आली की फोन वाजतो. सोय झाली, पण झोप तीच मोडते.

डिम लाइन हा वेगळाच ताप. व्होल्टेज पडतं, मोटर घुंघुं करते, वेळेत बंद केली नाही की जळालीच. रिवायंडिंगचा खर्च वर्षाच्या हिशेबात धरूनच चालावं लागतं. 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, शेतीचे फीडर, म्हणजे शेताकडं वीज नेणाऱ्या वाहिन्या, दिवसा सौर विजेवर चालवायचे म्हणून. ज्या गावांना दिवसाची लाइन मिळाली त्यांना विचारा, त्याची किंमत काय ते. शहरातल्या लोकांना 'रात्रीची लाइन' हे दोन शब्द नुसते ऐकून कळणार नाहीत, म्हणून एवढं लिहिलं.

पुणे, रुग्णालयात परिचारिका

वरच्या दादांचं वाचून लगेच लिहायला बसले. 'लाइन गेली' हे आम्हीही म्हणतो. हाताला लावलेली सलाइनची नळी बंद झाली, हात सुजला, की लाइन गेली. एकदा रात्रपाळीत मी सहकारी मुलीला म्हटलं, 'सहा नंबरच्या आजोबांची लाइन गेली.' उशाशी बसलेला त्यांचा मुलगा ताडकन उठला, 'मग ताई, हे मशीन कशावर चाललंय?' तोही शेतकरीच होता. त्याला समजावून सांगितलं, आजोबांचा दुसरा हात त्यानेच धरून ठेवला आणि नवी लाइन लागली.

सेंट्रल लाइन म्हणजे मानेतल्या किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेतून हृदयाजवळच्या महाशिरेपर्यंत नेलेली नळी. रक्तदाब टिकवणारी जहाल औषधं हाताच्या बारीक शिरेतून फार वेळ दिली तर शिरेला आणि कातडीला इजा होते, म्हणून ती लागते. पाळी बदलताना पहिल्या प्रश्नांतला एक, 'लाइन कधीची आहे?' जंतुसंसर्गाची धास्ती तिथूनच असते. मुंबईचे नातेवाईक 'सेंट्रल लाइन टाकायचीय' ऐकून गोंधळतात, त्यांची सेंट्रल लाइन म्हणजे रेल्वे. तेव्हा दोन मिनिटं थांबून सांगावं, असं मला मनापासून वाटतं. घाबरलेल्या माणसाला आपली भाषा परकी असते.

नाशिक, बांधकाम साइट

आमची लाइन बांधकामाची आणि कामाची सुरुवातही लाइननेच. भूमिपूजनाचा नारळ फुटला की लाइनआउट. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, फक्की मारायची. कोपरा काटकोनात आहे का ते बघायला एका दोरीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट खूण करतो. दोन खुणांमध्ये बरोबर 5 फूट आले की गुनिया जमला. मोठ्या प्लॉटवर 6, 8, 10 धरतो. पायात बोटभर फरक राहिला तर पुढे फरशीच्या कापात, चौकटीत तो दिसत राहतो. जुने गवंडी एक डोळा मिटून दोरीवरून बघतात आणि 'लाइनीत नाय' म्हणतात. टेप लावला तर त्यांचंच खरं निघतं.

अमरावती

आम्ही पोलीस लाइनीत वाढलो. एकाला एक लागून खोल्या, सगळ्यांचे बाबा बंदोबस्ताला. सणाच्या दिवशी लाइनीत फक्त बायका आणि मुलं.

सांगली, मुलींना कबड्डी शिकवतो

मैदानावर लाइन म्हणजे शिस्त. मुलींच्या मैदानात मधल्या रेषेपासून निदान रेषा 3 मीटरवर, तिच्यापुढे 1 मीटरवर बोनस लाइन. चढाईत निदान रेषा ओलांडली नाही आणि कोणाला शिवलंही नाही तर चढाई करणारी बाद. बोनस मिळतो तो समोर किमान 6 जणी असतील तेव्हाच, तोही एक पाय लाइनीपलीकडे आणि दुसरा हवेत असेल तर. नव्या मुली पायाकडे बघत चढाई करतात. मी त्यांना मातीवर फक्की मारायलाच लावतो, सरावाआधी, रोज. लाइन स्वतः आखली की पावलांना तिची सवय होते आणि नजर समोरच्या बचावावर राहते.

न्यू जर्सी

इथे आल्यावर पलीकडच्या न्यू यॉर्कमध्ये लोक 'इन लाइन' ऐवजी 'ऑन लाइन' उभे असल्याचं सांगतात हे कळलं. आईला फोनवर सांगितलं की दुकानात ऑन लाइन होते, तर तिने विचारलं, मग घरपोच कधी येणार?

बार्शीच्या दादांना विचारायचं होतं, आता तुमच्याकडे दिवसाची लाइन आली का?