मदत हवी आहे: प्लेराइटमध्ये हार (HAR) फाइल रिप्ले करताना पोस्ट रिक्वेस्ट मॅच होत नाहीये

मंडळी, दोन दिवस डोकं खाल्लंय याने. आमच्या टेस्टिंग सर्व्हरचा काही भरवसा नाही, कधीही झोपतो, म्हणून प्लेराइटच्या (ब्राउझर आपोआप चालवून वेबसाइट टेस्ट करायचं टूल) राउट-फ्रॉम-हारने एकदा खऱ्या सर्व्हरवर सगळ्या रिक्वेस्ट आणि त्यांची उत्तरं हार फाइलमध्ये रेकॉर्ड करून घेतली (अपडेट ट्रू ठेवून, आणि हो, ब्राउझरचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे ते सेशन, क्लोज केल्याशिवाय फाइल लिहिलीच जात नाही हे कळायलाच माझा अख्खा तास गेला) आणि आता हेडलेस (खिडकी न उघडता चालणाऱ्या) क्रोमियम ब्राउझरमध्ये तीच फाइल रिप्ले करतोय, म्हणजे सर्व्हरऐवजी फाइलमधलीच उत्तरं द्यायची.

गेट रिक्वेस्ट (नुसता डेटा मागणाऱ्या) सगळ्या मस्त चालतात. घोडं अडतं ते सर्चच्या पोस्ट रिक्वेस्टवर (हिच्यासोबत बॉडीत डेटा पाठवला जातो). पोस्टला यूआरएल आणि मेथडसोबत बॉडीपण तंतोतंत जुळावी लागते, आणि आमच्या फ्रंटएंडवाल्यांनी बॉडीत टाइमस्टॅम्प आणि दर वेळी नवीन बनणारा रिक्वेस्ट आयडी घातलाय, म्हणजे जुळणार कसं, डिफॉल्टने रिक्वेस्ट सरळ अबॉर्ट! नॉट-फाउंडला (मॅच नाही मिळालं तर काय करायचं ते सेटिंग) फॉलबॅक दिलं तर टेस्ट पास होते, पण मग ती खऱ्या सर्व्हरलाच जाते, मग रेकॉर्ड कशाला केलं?

घड्याळ फिक्स करून टाइमस्टॅम्पचं जमलं, आयडीचं काय करू? मॅच करताना बॉडीतली एखादी फील्ड सोडून देता येते का, की पेज-राउट लिहून (रिक्वेस्ट मध्येच पकडून) हार फाइलमधला जेसन डेटा स्वतःच वाचायचा? कोणी केलं असेल तर सांगा ना, शुक्रवारी रिलीज आहे.